मूल वाढतं, तेव्हाच शाळा आक्रसते

चौथीपर्यंत हौसेनं शाळेत जाणारं, घरी येऊन सगळं सांगणारं मूल सहावी-सातवीत गप्प होतं. गृहपाठ अर्धा राहतो, वर्गात हात वर होत नाही, विचारलेल्या प्रश्नाला खांदे उडवून उत्तर मिळतं. पालकसभेत आई-वडील आणि शिक्षक एकमेकांसमोर बसतात आणि बहुतेक वेळा एकाच निष्कर्षावर येऊन थांबतात : वयच तसं आहे, दोन-तीन वर्षांनी सरळ होईल. या निष्कर्षात सगळ्यांची सोय आहे, कारण वयापुढे कोणाचा इलाज चालत नाही. पण तो अर्धाच खरा आहे. दहा ते चौदा या वर्षांत मुलात मोठा बदल होतो हे खरं. त्याच वर्षांत शाळाही बदलते, आणि ती नेमकी उलट्या दिशेनं बदलते. मुलाला जे हवंसं वाटू लागलेलं असतं, तेच शाळा याच इयत्तांमध्ये कमी करत जाते. अभ्यासातली ही घसरण वयामुळे किती आणि या विसंगतीमुळे किती, हे वेगळं करून पाहिलं तर पाचवी ते आठवीच्या वर्गांत काय करायला हवं ते बरंच स्पष्ट होतं.

आधी मुलाकडे पाहू. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात मुलांपेक्षा साधारण वर्ष-दीड वर्ष आधी होते, आणि एकाच वयाच्या दोन मुलींमध्येही बराच फरक असतो. त्यामुळे सहावीच्या एका वर्गात कोणी शरीरानं अजून बालक असतं, तर कोणी जवळजवळ तरुण दिसू लागलेलं असतं. मेंदूच्या वाढीचा नकाशाही याच सुमाराला पालटतो. जे गिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच मुलं पुन्हा पुन्हा एमआरआयखाली पाहून १९९९ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य मुलींमध्ये अकराव्या आणि मुलग्यांमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतं, आणि तिथून ते कमी होऊ लागतं. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात आणि बिनवापराच्या गळतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. त्याच्या कितीतरी आधी झां पियाजे यांनी दाखवलं होतं की साधारण अकरा-बारापासून मूल समोर नसलेल्या, केवळ शक्य असलेल्या गोष्टींवर तर्क चालवू लागतं. ‘क्ष बरोबर काहीही असू शकेल’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला निरर्थक वाटतं, तर बारा वर्षांच्या मुलाला त्यात गंमत वाटू शकते. ‘वाटू शकते’ असंच म्हणायला हवं, कारण ही क्षमता वयाबरोबर आपोआप सगळ्या विषयांत येत नाही, ती कामाला लावावी लागते, हे पियाजेनंतरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. पण एकदा ती जागी झाली की ती बीजगणितापुरती राहत नाही. शाळेचे नियम असेच का, बाई म्हणतात ते खरं कशावरून, आपण इतरांच्या नजरेत कसे दिसतो, असे प्रश्न त्याच क्षमतेतून येतात. घरी आपण ज्याला उलट उत्तर म्हणतो, त्यातला बराच भाग हा नुकताच हाती आलेला तर्क असतो.

आता शाळेकडे पाहू. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत बहुधा एकच गुरुजी किंवा बाई सगळे विषय शिकवतात. कोणाचं अक्षर बिघडलंय, कोणाच्या घरी काय चाललंय, कोण दोन दिवस डबा आणत नाही, हे त्यांना माहीत असतं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे धरले, तरी आपल्याकडे चौथी आणि सातवीनंतर शाळा बदलण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे. गावातल्या मुलीसाठी पाचवी किंवा आठवी म्हणजे अनेकदा दुसऱ्या गावची शाळा. एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना मुलींसाठी पाचवीपासून सुरू होते, यातच ते आलं. नव्या शाळेत प्रत्येक तासाला नवे सर, नव्या बाई. एका शिक्षकाच्या वाट्याला चार-पाच तुकड्या, म्हणजे दोनशेच्या वर मुलं. नावं पाठ होईपर्यंत सहामाही येते. बसायची जागा ठरलेली, बोलायची वेळ ठरलेली, उत्तर कसं लिहायचं तेही ठरलेलं. सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर गणित आणि विज्ञानाची भाषाही एका उन्हाळ्यात बदलते. घटक चाचण्या वाढतात, वर्गातला क्रमांक घरी विचारला जाऊ लागतो, शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी ‘हुशार’ मुलं वेगळी बसवली जातात. ओळखणारं मोठं माणूस, स्वतःचं मत मांडायला वाव आणि चार जणांत हसं न होण्याची हमी, या तीन गोष्टींची भूक सर्वांत तीव्र होते तेव्हाच त्या तिन्ही दुर्मीळ होतात.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली यांनी १९८० च्या दशकात हेच मोजून पाहिलं. प्राथमिक शाळेतली सहावी संपवून ज्युनिअर हायस्कूलच्या सातवीत गेलेल्या मुलांची आणि त्यांच्या गणिताच्या शिक्षकांची आधीची-नंतरची माहिती त्यांनी ताडून पाहिली. नव्या शाळेतले शिक्षक मुलांवर कमी विश्वास ठेवत, त्यांना ताब्यात ठेवण्यावर जास्त भर देत, आणि आपण या मुलांना शिकवू शकू याबद्दल स्वतःच साशंक असत. मुलांना वर्गातल्या निर्णयांत अधिक सहभाग हवा होता, प्रत्यक्षात तो पूर्वीपेक्षा कमी मिळत होता. जी मुलं स्वतःच्या शिकवण्यावर भरवसा असलेल्या शिक्षकाकडून भरवसा नसलेल्या शिक्षकाकडे गेली, त्यांची स्वतःकडूनची अपेक्षाही खाली आली, आणि हा फटका आधीच मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक बसला. विकासाचा टप्पा आणि भोवतालची व्यवस्था जुळली नाही की प्रेरणा गळते, अशी मांडणी त्यातून उभी राहिली.

तरीही कोणी म्हणेल की ही गळती वयामुळेच होत असेल, शाळा फक्त त्याच वेळी बदलली. ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर मिळण्यासाठी एकाच वयाची पण वेगवेगळ्या रचनेच्या शाळांतली मुलं शेजारीशेजारी ठेवून पाहावी लागतात. रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लायथ यांनी मिलवॉकी शहरात तसं पाहिलं. १९८७ साली त्यांचं पुस्तक आलं. तिथे काही मुलं आठवीपर्यंत एकाच शाळेत राहत, तर काही सातवीला मोठ्या शाळेत जात. सातवीला शाळा बदललेल्या मुलींचा आत्मसन्मान घसरला. त्याच वयाच्या, पण जुन्याच शाळेत राहिलेल्या मुलींचा तसा घसरला नाही. वयात येणं, शाळा बदलणं आणि घरातली उलथापालथ असे बदल ज्यांच्यावर एकदम कोसळले, त्यांचे हाल सर्वाधिक झाले. पुढे २०१० साली जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड यांनी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांमधले गुण वर्षानुवर्षं तपासले. सहावी-सातवीला वेगळ्या शाळेत गेलेली मुलं, आठवीपर्यंतच्या सलग शाळेत राहिलेल्यांच्या तुलनेत, गणित आणि इंग्रजी दोन्हींत मागे पडली आणि आठवीपर्यंत हे अंतर भरून निघालं नाही. वय दोन्हीकडे तेच होतं.

हे पुरावे मिलवॉकीचे आणि न्यूयॉर्कचे आहेत, म्हणून ते साताऱ्याला किंवा नंदुरबारला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे पट वेगळा, घरची परिस्थिती वेगळी, शाळा सुटण्याची कारणंही वेगळी. पण त्यातली कार्यकारणाची साखळी आपल्याला अपरिचित नाही, आणि एका बाबतीत आपण नशीबवान आहोत : पहिली ते सातवी किंवा आठवीपर्यंतची सलग शाळा महाराष्ट्राच्या अनेक गावांत आजही आहे. तिच्याकडे अपुऱ्या सोयींची शाळा म्हणून बघितलं जातं. या वयाला लागणारी ओळख आणि सलगता तिच्यात आयती असते, हे मात्र हिशेबात धरलं जात नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ साली पुढे आला, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळच्या प्रयोगांचा दाखला दिला गेला. प्रयोगशाळा, क्रीडांगण, विषयशिक्षक हे त्याचे फायदे खरे आहेत. पण दहा वर्षांच्या मुलाला ओळखीच्या शाळेतून उचलून बसमध्ये बसवण्याचीही किंमत असते, ती त्या ताळेबंदात लिहिली जायला हवी.

विषयशिक्षक नकोत असं इथे म्हणायचं नाही. सातवीचं विज्ञान आणि बीजगणित शिकवायला त्या विषयात मुरलेलं माणूस लागतंच, आणि शिक्षण हक्क कायदाही सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचे स्वतंत्र शिक्षक मागतो. अडचण वेगळीच आहे. सहा शिक्षक मुलाचा एकेक विषय बघतात आणि मूल कोणीच बघत नाही. वर्गशिक्षक नावाचं पद आपल्याकडे आहे, पण त्याचं काम हजेरी, फी, प्रगतिपुस्तक आणि सहलीची संमतिपत्रं यांत संपतं. हेच पद जिवंत करता येईल. एका वर्गशिक्षकानं पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं त्याच तुकडीबरोबर वर सरकायचं, आठवड्यातला एक तास अभ्यासक्रमासाठी न वापरता या मुलांसाठी ठेवायचा, आणि इतर विषयशिक्षकांकडून महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाबद्दल ऐकायचं. साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमणार, असा प्रश्न लगेच येईल. कायद्यानं या इयत्तांसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, तेव्हा पहिलं उत्तर कायदा पाळा, हेच. दुसरं असं की वर्ग मोठा असेल तर सलगतेची गरज उलट वाढते. साठ मुलांची ओळख दर जूनमध्ये नव्यानं करून घेण्यापेक्षा तीच साठ मुलं तीन वर्षं ओळखीची असणं शिक्षकालाही हलकं जातं. अँड्र्यू हिल आणि डॅनिएल जोन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, तोच शिक्षक दुसऱ्यांदा लाभलेल्या मुलांचे गुण थोडे वाढलेले दिसले. वाढ लहान आहे हे कबूल, पण तिला जवळजवळ खर्च नाही.

असं ओळखणारं माणूस नसलं की सर्वांत आधी हातातून निसटतं ते वाचन. असर या सर्वेक्षणानं २०२३ साली चौदा ते अठरा वयोगटाची ग्रामीण भागात पाहणी केली, तेव्हा सुमारे चौथाई तरुणांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित निम्म्याहून अधिक जणांना सुटत नव्हतं. ही मुलं पाचवी, सहावी, सातवीतून गेलेलीच होती. तिथे त्यांना इतिहासाच्या सरांनी इतिहास शिकवला, विज्ञानाच्या बाईंनी विज्ञान शिकवलं. वाचायला शिकवणं हे कोणाच्याच वेळापत्रकात नव्हतं. हार्वर्डमधल्या जीन चॉल यांनी फार पूर्वी दाखवलं होतं की गरीब घरांतली मुलं तिसरीपर्यंत बरी वाचतात आणि चौथीपासून मागे पडू लागतात, कारण तिथून पुस्तकाची भाषा बोलीपासून दूर जाते. मराठीत ही उडी मोठी आहे. चौथीपर्यंत गोष्टी आणि कविता वाचणाऱ्या मुलापुढे प्रकाशसंश्लेषण, अपवर्तन, अनुसूचित, विकेंद्रीकरण असे शब्द एकाच वर्षात येऊन आदळतात. ज्याच्या घरी अहिराणी किंवा गोंडी बोलतात, त्याच्यासाठी ही उडी दुप्पट. म्हणून सातवीच्या भूगोलाच्या शिक्षकानं भूगोलाचं पान कसं वाचायचं, हेही शिकवायला हवं. आणि मागे राहिलेल्या मुलाला उजळणीसाठी पहिलीचं चित्रांचं पुस्तक हाती देऊ नये. बारा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो आणि ते वाचणंच टाळू लागतं. मजकूर सोपा असावा, विषय मात्र त्याच्या वयाचा असावा : क्रिकेट, मोटारसायकलचं इंजिन, पाऊस कधी येणार, पाळी म्हणजे काय.

आधी लिहिता-वाचता येऊ दे, मग मुलांच्या मताबितांचं बघू, असा आक्षेप इथे घेतला जातो. त्याला भारतातलंच एक भरभक्कम उत्तर आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ साध्या सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे नेमक्या सहावी ते आठवीत, विज्ञान शिकवण्याचा वेगळा प्रयोग सुरू केला. पुढे तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला, आणि २००२ साली सरकारनं बंद करेपर्यंत तो अनेक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांमध्ये पोहोचला होता. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचं पुस्तक उत्तरं देत नसे; प्रयोग कसा करायचा ते सांगून प्रश्न विचारत असे. चार-चार मुलांच्या टोळ्या भिंगं, परीक्षानळ्या, आजूबाजूची पानं आणि दगड घेऊन काम करत, स्वतः पाहिलेलं वहीत लिहीत, मग वर्गात त्यावर वाद होई. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडायची मुभा होती, शिवाय हातानं करायची प्रात्यक्षिक परीक्षा. कुठलाही प्रश्न पडला की मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्र लिहीत आणि त्यांना खरीखुरी उत्तरं येत. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर प्रशिक्षणात बसत. ‘मला माहीत नाही, करून बघू’ असं म्हणायला शिक्षकाला तिथे लाज वाटत नसे. लेखन, वाचन, मोजमाप या सगळ्या मूलभूत गोष्टी त्यात होत्याच, पण स्वतःच्या निरीक्षणाचा खरेपणा सिद्ध करण्यासाठी त्या लागत होत्या. पुण्याहून निघणाऱ्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या मराठी नियतकालिकाचं नातं याच परंपरेशी आहे. तर्काची नवी ताकद आलेल्या वयाला साजेसं आव्हान द्यायला श्रीमंत शाळा लागत नाही, हे त्या तीस वर्षांनी दाखवलं.

मोकळीक दिली की मुलं हाताबाहेर जातील, ही पालकांची भीती उडवून लावण्यासारखी नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एका संगणकीय गाडी चालवण्याच्या खेळात हे तपासलं. एकटे असताना किशोरवयीन मुलं प्रौढांपेक्षा फारशी बेफिकीर नव्हती; बरोबरीचे मित्र पाहताहेत म्हटल्यावर ती कितीतरी जास्त धोका पत्करू लागली, तर प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा परिणाम जवळजवळ झाला नाही. म्हणजे या वयात मित्रांची ओढ प्रचंड असते. पण ती दडपता येत नाही. शाळेनं मित्रांना एकत्र येऊन करण्याजोगं काम दिलं नाही, तर ती ओढ मैदानामागच्या भिंतीकडे किंवा रात्रीच्या मोबाइलकडे वळते. होशंगाबादच्या चार जणांच्या टोळ्या हे या ओढीचंच शैक्षणिक रूप होतं. डायना बॉमरिंड यांच्या पालकत्वावरच्या अभ्यासातही सर्वांत बरी वाढ दिसली ती ठाम नियम आणि जिव्हाळा दोन्ही असलेल्या घरांतल्या मुलांची. केवळ धाक किंवा केवळ लाड असलेल्या घरांतली मुलं मागे राहिली. तेव्हा वर्गाचे नियम मुलांशी बोलून ठरवा, त्यामागचं कारण सांगा, आणि मग ते नियम कडकपणे पाळायला लावा. दोन गृहपाठांतून एक निवडायला सांगितल्यानं शिस्त बिघडत नाही.

या वयात शब्द किती खोल जातो, याचा अंदाज मोठ्यांना नसतो. दहाच्या पुढचं मूल स्वतःची इतरांशी तुलना करू लागलेलं असतं, त्यामुळे लाल शाईतला शेरा त्याला आपल्या लायकीबद्दलचा निकाल वाटतो. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर नेहमीसारख्या कडक दुरुस्त्या करून काहींना सोबत एक चिठ्ठी दिली : माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून या दुरुस्त्या. इतरांना नुसती साधी चिठ्ठी मिळाली, आणि त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निबंध सुधारून परत देणारे सुमारे १७ टक्के होते. अपेक्षांची चिठ्ठी मिळालेल्यांत ते ७० टक्क्यांच्या वर गेले. मुलं थोडी होती, त्यामुळे आकड्यावर इमले बांधू नयेत. पण शाळा आपल्याला कमी लेखते असा ज्यांना आधीच संशय आहे, त्यांच्यावरच परिणाम मोठा व्हावा, हे आपल्या वस्तीशाळेतल्या, आश्रमशाळेतल्या मुलांचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुरुस्त्या कमी करू नका. त्या का करतोय ते मुलाला कळू द्या.

शरीराची गोष्टही अशीच निसटते. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. मेरी कार्सकाडन यांच्या संशोधनातून हे पुरतं सिद्ध झालं आहे. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. लहान मुलांची झोप जपली हे चांगलंच झालं, पण ज्यांचं घड्याळ निसर्गानंच पुढे सरकवलं आहे ती सहावी-सातवीची मुलं अनेक शहरांत सात वाजता बाकावर बसलेली असतात. मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृहात पाणी, कचऱ्याची सोय आणि पाळीविषयी आधीच मोकळेपणानं बोललेलं असणं यावर हजेरी अवलंबून असते. हे बोलणं पाचवीत व्हायला हवं. आठवीतल्या पाठापर्यंत थांबलं तर बहुतेकींची पहिली पाळी भीतीत जाते.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी आता पाचवी आणि आठवीची परीक्षा आली आहे. केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना या दोन इयत्तांत मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्रानं २०२३ साली तसे नियम केले. मूल काही न शिकता पुढे ढकललं जाऊ नये, ही त्यामागची काळजी खोटी नाही. असरचे आकडे तिच्याच बाजूनं बोलतात. पण नापास होऊन धाकट्या मुलांमध्ये बसणं अकराव्या वर्षी जितकं लागतं तितकं आयुष्यात क्वचितच लागतं, आणि तेही ज्या वयात शाळेचा हात सुटायला नुकती सुरुवात झालेली असते त्या वयात. कायद्यातच यावर उतारा लिहिलेला आहे : निकालानंतर दोन महिन्यांत जादा शिकवणी आणि फेरपरीक्षा. ही शिकवणी कोण देणार, कोणत्या वर्गात, उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवल्याबद्दल त्या शिक्षकाला वेगळी सुट्टी मिळणार का, आणि त्याला त्या मुलाला नेमकं काय येत नाही हे आधीपासून माहीत असेल का, या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक शाळेनं परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच पालकांना लेखी द्यावीत.